वीस-वीसचे दोन, की तिसाचा एक?

शंभर वॅटचा एचएफ रेडिओ, म्हणजे हौशी (हॅम) रेडिओवाल्यांचा शॉर्टवेव्हवर बोलायचा संच, ऐकताना दीड-दोन अँपिअरवर भागतो. माइकचं बटण दाबून बोलायला लागलं, की १३.८ व्होल्टला २० ते २३ अँपिअर मागतो. घरात २० अँपिअरचा एक एसएमपीएस (घरच्या विजेवरून रेडिओला लागणारा डीसी देणारा सप्लाय) असतोच. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या पॅनेलवाल्याकडून तसाच दुसरा आणावा आणि लालला लाल, काळीला काळी जोडावी, हा विचार मग हमखास येतो. मीही गंगापूर रोडच्या घरी तेच केलं होतं.

दोन्ही सप्लाय टेबलाखाली शेजारी ठेवले आणि आखूड वायरींनी पितळी पट्टीवर आवळले. जोडण्याआधी मल्टिमीटरवर एक १३.८० दाखवत होता, दुसरा १३.८६. एवढा फरक चालेल असं वाटलं. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा) लावून ट्रान्समिट केलं, तर सगळा भार १३.८६ वाल्यावर, दुसऱ्यावर जवळपास शून्य. एसएमपीएस आपला व्होल्टेज घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे ज्याचा किंचित जास्त तोच आधी राबतो. तो मर्यादेला टेकून व्होल्टेज खाली आला, तरच दुसऱ्याची पाळी येते. माझा सप्लाय मर्यादेला टेकला की सरळ बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. तेवढ्यात सगळा भार दुसऱ्यावर, मग तोही बंद. वाक्य अर्धं झालं की रेडिओ विझायचा.

आहेत तेच दोन वापरायचे असतील तर वायरीच कामाला लावा, त्यांच्या रोधामुळे भार वाटला जातो. चार स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरीचा रोध मीटरमागे साधारण ४.६ मिलिओहम असतो. प्रत्येक सप्लायपासून पट्टीपर्यंत मीटरभर लांबीची जोडी ओढली, तर जाऊन-येऊन ९ मिलिओहमच्या आसपास होतात. मग ०.०६ व्होल्टच्या फरकाने दोघांच्या करंटमध्ये साडेसहा अँपिअरचंच अंतर पडतं: एकूण २२ असतील तर एकावर १४, दुसऱ्यावर ८. व्होल्टेज फार तर सव्वाशे मिलिव्होल्ट उतरतो, त्याचं रेडिओला काही नाही. मात्र दोन्ही जोड्या अगदी सारख्या लांबीच्या हव्यात, आणि दोन्ही सप्लायचा व्होल्टेज आधी एकाच मीटरने जुळवून घ्यायला हवा.

डायोड लावा म्हणणारे बरेच भेटतात. डायोडमुळे एक सप्लाय बिघडला तर दुसऱ्याचा करंट त्याच्यात उलटा घुसत नाही, एवढं खरं. पण भार सारखा वाटण्याचं काम डायोड करत नाही. शिवाय शॉटकी (कमी व्होल्टेज खाणाऱ्या) डायोडवरही अर्ध्या व्होल्टच्या आसपास जातं, म्हणजे २२ अँपिअरला ११ वॅट उष्णता. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत तो हीटसिंक हात लावू देत नाही.

म्हणून नुसत्या रेडिओसाठी माझं मत सरळ आहे: ३० अँपिअरचा एकच चांगला सप्लाय घ्या. जुना विकून टाका किंवा बॅटरी चार्जिंगला ठेवा. एफटी८ (संगणकाने छोटे संदेश पाठवायची डिजिटल पद्धत) करणार असाल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण तिथे १५ सेकंदांच्या पाळीत साडेबारा सेकंदांहून जास्त वेळ सलग पूर्ण करंट लागतो. बोलण्यात असते तशी उसंत मिळत नाही. लेबलवरचा ३० चा आकडा सलग भाराचा आहे की क्षणिक, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुसरी वाट बॅटरीची, आणि मला तीच जास्त आवडते. चार सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि तिला करंटची मर्यादा असलेला १० अँपिअरचा चार्जर. ट्रान्समिटचा झटका बॅटरी झेलते, ऐकताना चार्जर भरपाई करतो. पावसाळ्यात लाइट गेली तरी बोलणं चालू राहतं, आणि तीच बॅटरी उचलून अंजनेरीच्या पठारावर नेता येते. बॅटरीतला बीएमएस (सेल सांभाळणारं सर्किट) ३० अँपिअर सोडतो का, एवढं नक्की बघा.

लिनिअर ॲम्प्लिफायर (रेडिओची ताकद वाढवणारा) आला की हिशेब बदलतो. ४०० वॅट बाहेर काढायचे आणि कार्यक्षमता निम्मी धरली, तर १३.८ व्होल्टला ५८ अँपिअर लागतात. इथे मात्र समांतर जोडणीला अर्थ आहे, पण करंट शेअरिंगचं टर्मिनल असलेले, एकाच मॉडेलचे औद्योगिक सप्लाय घेऊन. ती टर्मिनलं एकमेकांना जोडली की सप्लाय आपसात भार वाटून घेतात. ४८ व्होल्टचा ॲम्प्लिफायर मिळत असेल तर तेवढंच काम १७ अँपिअरमध्ये होतं आणि एकच सप्लाय पुरतो. रेडिओचा सप्लाय त्यापासून वेगळाच ठेवा, फक्त दोघांचे निगेटिव्ह एकत्र.

यातलं काहीही निवडलं तरी समांतर जोडलेल्या प्रत्येक सप्लायच्या लाल वायरीत स्वतंत्र फ्यूज टाका, पट्टीच्या अगदी जवळ. एक सप्लाय आतून शॉर्ट झाला तर उरलेल्यांचा सगळा करंट पट्टीवरून त्याच वायरीत शिरतो, आणि तिथे थांबवणारं दुसरं काही नसतं.