लोडर लावून आठ महिने झाले: लोडर चांगलाय, पण मागच्या वजनाचं कुणीच सांगत नाही

लोडर म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढे बसवलेली, माल उचलणारी बकेट. मागच्या आठवड्यात ट्रॅक्टरच्या पुढच्या डाव्या चाकाचा हब (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग असतं) गेला आणि सर्व्हिस सेंटरला जोरात वाजलं, म्हणून हे लिहितोय. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण हे कुठल्याही कंपनीचा लोडर घेणाऱ्याला होऊ शकतं.

ट्रॅक्टर ४५ एचपी, टू व्हील (म्हणजे ओढ फक्त मागच्या चाकांना), पॉवर स्टिअरिंग. आमचं संगमनेर तालुक्यात चढउताराचं रान. काम म्हणजे मुक्त गोठ्यातलं शेण लोटायचं, शेणखत ट्रॉलीत भरायचं, उन्हाळ्यात मुरूम. बकेट केवढी, जॅक किती, हे तुम्ही सगळ्यांनी व्हिडिओत बघितलंय, त्यात वेळ घालवत नाही.

हब उघडला तर ग्रीस काळं, जळकट वास, बेअरिंगचे रोलर निळे पडलेले आणि किंगपिनचा (पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं तिचा) बुश एकाच बाजूने खाल्लेला. फोरमन म्हणाला, "दादा, ओव्हरलोड केलाय, वॉरंटीत बसत नाही." मी म्हटलं लोडर तुमच्याच शोरूमने बसवून दिलाय, ओव्हरलोड म्हणजे किती किलो ते मला कुठं लिहून दिलंय ते दाखवा. तर म्हणे लोडरवाल्याला विचारा. लोडरवाला म्हणतो आमची लिफ्ट बरोबर आहे, ट्रॅक्टरची अॅक्सल आमच्याकडे येत नाही. दोघांच्या मधे बिल माझ्या अंगावर, बारा हजाराच्या घरात.

आता मुद्दा. लोडर विकताना "एवढे किलो उचलतो" हे सगळे सांगतात, पण ते उचलताना मागे किती वजन पाहिजे हे कुणीच सांगत नाही. आणि माझ्या मते लोडर घेताना तोच पहिला प्रश्न आहे, बाकी सगळं नंतर.

हिशोब साधा आहे, कागदावर करून बघा. रिकाम्या टू व्हील ट्रॅक्टरचं साधारण एक तृतीयांश वजन पुढच्या चाकांवर आणि दोन तृतीयांश मागच्या चाकांवर असतं. समजा बकेटमधे ६०० किलो माल आहे आणि तो पुढच्या अॅक्सलच्या दीड मीटर पुढे आहे, दोन्ही अॅक्सलमधलं अंतर दोन मीटर धरा. तर मागच्या चाकांवरून ४५० किलो उठतं आणि पुढच्या अॅक्सलवर ६०० नाही, १०५० किलो येतं. लोडरच्या सांगाड्याचं वजन वेगळं, तेही बहुतेक पुढेच. जुन्या माणसांना बैलगाडी भरताना गाडी उलाळ होतेय का बैलांच्या मानेवर जास्त येतंय हे बघितल्याबरोबर कळायचं आणि ते माल पुढे-मागे सरकवायचे, इथे नेमका तोच हिशोब आहे आणि तो शोरूममधे कुणी करत नाही.

आमच्या गोठ्यात हे डोळ्याला दिसत होतं. बकेट भरून निघालं की ओल्या शेणात पुढच्या टायरचा ठसा चार बोटं खोल आणि मागच्या एवढ्या मोठ्या टायरचा नुसता वरवर उमटलेला.

आणि यात फक्त बेअरिंगचा खर्च नाहीये. टू व्हीलला ब्रेक मागच्याच चाकांना असतात, ओढसुद्धा मागच्याच चाकांची. मागची चाकं हलकी झाली म्हणजे ब्रेक असून नसल्यासारखे. उकिरड्याकडे आमच्याकडे उतार आहे, तिथं ड्रायव्हर भरलेली बकेट घेऊन तोंडाने खाली उतरत होता तेव्हा ब्रेक दाबूनही ट्रॅक्टर घसरत गेला आणि खताच्या ढिगाला टेकून थांबला. माणूस वाचला हे नशीब. तेव्हापासून आमच्याकडे नियमच आहे: भरलेली बकेट कायम चढाच्या बाजूला, म्हणजे चढताना तोंडाने आणि उतरताना रिव्हर्स, बकेट जमिनीपासून फूटभर, आणि डाव्या आणि उजव्या चाकाची दोन्ही ब्रेक पेडलं एकत्र जोडणारी पट्टी लावलेली. पट्टी नसेल आणि एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो, बकेट वर असताना हे लई वाईट.

बाजूला पलटी होण्याचं पण बऱ्याच जणांना माहीत नसतं. पुढची अॅक्सल मधल्या पिनवर डुलते, त्यामुळे ट्रॅक्टर दिसायला चार चाकांवर असला तरी बाजूच्या तोलासाठी तो तीन टेकूंवर उभा असतो, मागची दोन चाकं आणि पुढची ती पिन. वजनाचा मध्य या त्रिकोणाच्या बाहेर गेला की ट्रॅक्टर कलंडायला लागतो, आणि अॅक्सल स्टॉपला (डुलणं थांबवणाऱ्या अडणीला) टेकेपर्यंत पुढचं चाक काही मदत करत नाही. बकेट वर नेली की वजनाचा मध्य वर पण जातो आणि पुढे पण, म्हणजे त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे. म्हणून बकेट वर ठेवून वळायचं नाही. ट्रॉलीजवळ सरळ उभं राहायचं, मग उचलायची, ओतायची, सरळ मागे यायचं, खाली घ्यायची आणि मगच वळायचं. कलतोय असं वाटलं तर स्टिअरिंगशी खेळू नका, आधी बकेट खाली.

आता मी काय केलं. पहिल्यांदा मागच्या टायरमधे पाणी भरलं, व्हॉल्व्ह वर घेऊन व्हॉल्व्हपर्यंत, म्हणजे साधारण ७५ टक्के. एका टायरला दीडशे लिटरच्या वर बसतं. वजन खाली राहतं त्यामुळे बाजूच्या तोलाला खरंच फरक पडला. पण पुढच्या अॅक्सलचा भार त्याने एक किलोनेही कमी होत नाही, कारण पाणी मागच्या अॅक्सलच्याच रेषेत आहे. वजन मागच्या अॅक्सलच्या मागे लटकलं पाहिजे. म्हणून थ्री पॉइंटला (मागे अवजार जोडायच्या तीन दांड्यांना, खालच्या दोन लिंक आणि वरची टॉप लिंक) काँक्रीटचा ठोकळा करून घेतला, एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, ३५ सेंटिमीटर उंच, आत जाळी, खाली दोन लिंकच्या पिना, वर टॉप लिंकचा कान. वजन चारशे किलोच्या थोडं वर. हिशोब परत करा: ४०० किलो मागच्या अॅक्सलच्या एक मीटर मागे, म्हणजे मागच्या चाकांवर ६०० किलो वाढतं आणि पुढून २०० किलो कमी होतं. सगळा खर्च साडेसात हजार. शोरूमने हेच आधी सांगितलं असतं तर हबचे बारा हजार वाचले असते, याचाच मला राग आहे.

सहा फुटी रोटाव्हेटर लटकवला तरी चालतो, वजन तेवढंच भरतं, पण गोठ्यात वळताना खांबाला लागतो.

इथपर्यंत वाचून लोडर घेऊ नका असं म्हणतोय असं वाटेल, तसं नाही. महिन्याभरापूर्वी कुणी विचारलं असतं तर मी पैसे वाया म्हणूनच सांगितलं असतं. ठोकळा लावल्यापासून तोच लोडर वेगळाच वाटतोय, स्टिअरिंग हलकं झालं, शेणात मागचं चाक फिरत नाही, बकेट ढिगात घुसते. शेणखताला तर एक नंबर. फक्त ओल्या मुरमाला बकेट शिगोशीग भरू नका, मुरूम शेणखताच्या दुप्पट आणि कधी त्याहून जड असतो, बकेट तीच दिसते पण वजन ते नसतं. फोर व्हीलबद्दल पण मत बदललं, आधी उगाच खर्च वाटायचा, पण त्याची पुढची अॅक्सल जाड असते आणि फोर व्हील टाकलेलं असलं की ब्रेकचा जोर पुढच्या चाकांपर्यंत पण पोचतो. मुख्य काम लोडरचंच असेल तर फोर व्हीलच घ्या.

बकेटमधे माणूस उभा करून नारळ काढणं, लाईटच्या वायरचं काम करणं, हे मी कुणालाही करू देत नाही, भाऊबंद रुसले तरी. होज (जॅकला तेल नेणारा पाईप) फुटला की बकेट सरळ खाली येते, वर आणि तारांची भीती. ट्रॅक्टर बंद करताना पण बकेट जमिनीला टेकवूनच.

राहिलं आरओपीएस, म्हणजे ट्रॅक्टर पलटला तर माणूस चिरडू नये म्हणून असलेली सीटमागची लोखंडी कमान. स्वीडनमधे नव्या ट्रॅक्टरला ती १९५९ पासून सक्तीची आहे, आणि माझ्या ट्रॅक्टरला आलीच नाही. कमान असेल तरच सीट बेल्ट लावायचा, कमान नसताना बेल्ट बांधला तर माणूस ट्रॅक्टरखालीच अडकतो. गोठ्याचं शेड बुटकं आहे म्हणून दुमडणारी बघतोय, पण गावातल्या वेल्डरकडून पाईप वाकवून नाही, टेस्ट झालेलीच पाहिजे. कुणी ४५ एचपीला बसवली असेल तर दुमडल्यावर उंची किती राहते आणि किती खर्च आला ते सांगा.