जुन्या वाड्यात वायफाय: दोन डब्यांच्या मेश संचाचा नऊ महिन्यांचा अनुभव

बडोद्यात दांडियाबाजारात आमचं घर आहे, जुन्या वाड्याचा उरलेला लांबट भाग. रस्त्याकडे दिवाणखाना, मग माजघर, चौक आणि अगदी मागे बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, खोली. भिंती दीड फुटी, विटा-चुन्याच्या. फायबरची तार दिवाणखान्यात येते, त्यामुळे राउटरही तिथेच. बाबा रोज रात्री माझ्या नणंदेशी व्हिडिओवर बोलतात, आणि दोन मिनिटांत हाक ठरलेली: "अगं, ही पुन्हा गोठली बघ."

आधी मी चार अँटेनांचा मोठा राउटर घेतला होता. बाबांच्या फोनवर काड्या वाढल्या, पण कॉल तसाच तुटायचा. याचं कारण कळायला मला फार दिवस लागले. वायफाय हा दुतर्फा संवाद आहे. काड्या एवढंच सांगतात की फोनला राउटर किती ऐकू येतो. फोनचा स्वतःचा आवाज बारीक असतो, तो दोन भिंती ओलांडून राउटरपर्यंत पोचायलाही हवा. जाड भिंतींच्या घरात अधिक ताकदीचा राउटर घेऊन म्हणूनच फारसं भागत नाही, फोनच्या जवळ कोणीतरी ऐकणारं लागतं.

मे महिन्यात वायफाय-६चा (वायफायची नवी पिढी) दोन डब्यांचा मेश संच आणला, म्हणजे एकमेकांशी जोडलेले डबे, जे मिळून घरभर एकच नेटवर्क पसरवतात. पहिला आठवडा दोन्ही डबे बिनतारीच जोडले होते. आमची लाइन १०० एमबीपीएसची, बाबांच्या खोलीत जेमतेम २५ मिळायचे. दुसरा डबा त्याच लहरींवर पहिल्याकडून घेतो आणि त्याच लहरींवर फोनला देतो, त्यात वेळ वाटला जातो. शेवटी वायरमनला बोलावून दोन्ही डब्यांमध्ये कॅट-६ ही नेटवर्कची केबल टाकली. त्याचा एक फुटी ड्रिल बिट भिंतीत पूर्ण गेला तरी पलीकडे उजेड दिसेना. दुसऱ्या दिवशी तो लांब बिट घेऊन आला, माजघरभर लाल भुकटी आणि चुना पडला. पण त्या संध्याकाळपासून मागच्या खोलीत ९० च्या वर मिळतात. (डाउनलोडचा आकडा कमी दिसला तर दचकू नका: आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट.)

बाबांच्या खोलीत डबा आधी आरशाच्या लोखंडी कपाटामागे ठेवला होता, तारा दिसू नयेत म्हणून. तो कपाटावर ठेवल्यावर फोनमधलं सिग्नलचं मोजमाप उणे ७८ वरून उणे ६१ वर आलं. उणे आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. धातू लहरी परतवून लावतो.

दुधाचा कप मायक्रोवेव्हमध्ये ठेवला की स्वयंपाकघरातला कॉल अडखळायचा, तेही याच काळात उलगडलं. ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, वायफायचा जुना पट्टाही २.४चाच. फोन ५ गिगाहर्ट्झवर घेतला आणि अडखळणं थांबलं. मात्र ५चा पट्टा भिंतींपुढे लवकर दमतो, आणि आमचा प्रिंटर फक्त २.४ ओळखतो. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असल्यामुळे तो जोडताना ५ तात्पुरता बंद करावा लागला. बाजारात शेजाऱ्यांची वीसेक नेटवर्कं दिसतात. २.४मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल, म्हणजे पट्ट्यातले उपभाग, तीनच, १, ६ आणि ११. आपोआप निवडीत आमचा संच सारखा बदलत राहायचा, मी ११ वर पक्का केला.

खरी परीक्षा उत्तरायणाला झाली. अगाशीवर सगळं गणगोत, अठरा फोन जोडलेले, खाली बाबांचा कॉल चालू. एकदाही तुटला नाही. अगाशीच्या टोकाला मात्र सिग्नल पोचत नाही.

तक्रारीही आहेत. अ‍ॅपमध्ये खातं उघडल्याशिवाय काहीच चालू होत नाही, हे मला पटलेलं नाही. डब्यावरचा निळा दिवा रात्री डोळ्यांवर येतो, तो बंद करायची सोय तीन पायऱ्या आत दडवली आहे. वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत, डब्ल्यूपीए-३, एवढीच ठेवली तर जुना टॅबलेट जोडलाच जात नाही, दोन आणि तीन असं मिश्र ठेवावं लागलं. आणि लाइट गेल्यावर नेट हवं असेल तर बॅकअप दोन्ही डब्यांना आणि फायबरच्या डब्यालाही लागतो. मी आधी एकालाच घेतला होता, बाकीचे दोन दिवाळीत घेतले.