२२ मिलिमीटर पुश बटणांचा संच: दारावर बसवल्यावर काय घट्ट राहते आणि काय नाही

कंट्रोल पॅनेलच्या दारावर बसवायच्या २२ मिलिमीटर पुश बटणांच्या संचात पुढचे डोके, मागची कॉलर आणि कॉलरवर खटक्याने बसणारे कॉन्टॅक्ट ब्लॉक (सर्किट जोडणारे-तोडणारे भाग) असे तीन सुटे भाग असतात. प्रस्तुत अभिप्राय अशाच एका प्लॅस्टिकच्या संचाबद्दल आहे; त्यात हिरवे स्टार्ट, लाल स्टॉप, एक सिलेक्टर (फिरवून स्थिती निवडायचा स्विच) आणि पिवळ्या पार्श्वभूमीवरचे लाल इमर्जन्सी स्टॉप आहे. ही रचना जवळपास सगळेच उत्पादक वापरतात, त्यामुळे पुढे सांगितलेले बरेचसे गुणदोष एका कंपनीचे नसून रचनेचेच आहेत.

बटण २२ मिलिमीटरचे म्हणवले जात असले, तरी भोक २२.३ मिलिमीटरचे लागते आणि आयईसी ६०९४७-५-१ या मानकानुसार त्यात फार तर ०.४ मिलिमीटरची वाढ चालते. बटण जागेवर फिरू नये म्हणून भोकाला ३.२ मिलिमीटर रुंदीची एक खाच ठेवण्याची सोयही मानकात आहे, आणि घाईत वगळली जाते ती नेमकी हीच. साध्या बटणाचे खाचेविना भागते, पण सिलेक्टर किंवा फिरवून सोडवायचे इमर्जन्सी स्टॉप हाताने पिळले जाते. कॉलर किंचित सैल असेल तर अख्खे बटण वळते आणि मागच्या वायरींना पीळ पडतो. भोक होल पंचाने पाडले तर कड स्वच्छ येते. स्टेप ड्रिल वापरल्यास कडेचा बर (धातूची उरलेली धारदार किनार) काढावाच लागतो, कारण बर राहिला की गॅस्केट नीट टेकत नाही आणि पत्रकावरचा आयपी ६५ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) पत्रकावरच राहतो. धातूचा कीस आत पडू नये म्हणून भोके पाडताना आतली उपकरणे झाकून घ्यावीत, हे खरे तर सांगायलाही नको.

या संचाची खरी परीक्षा इमर्जन्सी स्टॉपच्या मागे होते. थांबवण्याचे काम एनसी (नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे एरवी जोडलेल्या राहणाऱ्या) कॉन्टॅक्टकडे असते: बटण दाबले की डोक्यातला दांडा कॉन्टॅक्टला जबरीने उघडतो, आणि ब्लॉकवरचे वर्तुळातील बाणाचे चिन्ह याच गुणाची ग्वाही देते. मात्र ब्लॉक कॉलरवरून निसटून मागे लोंबकळू लागला, तर दांडा त्याच्यापर्यंत पोचतच नाही. एनसी कॉन्टॅक्ट जोडलेलाच राहतो, सर्किट निरोगी दिसते, यंत्र चालू राहते आणि संकटाच्या क्षणी बटण दाबेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. वायर तुटली तर यंत्र थांबते, ब्लॉक निसटला तर थांबत नाही. एवढा विचित्र फरक या रचनेत दडलेला आहे. यावर उपाय म्हणून स्वतःची बैठक तपासणारे ब्लॉक मिळतात. त्यांतील एक जादा कॉन्टॅक्ट एनसीच्या सिरीजमध्ये असतो आणि ब्लॉक जागेवर असेपर्यंतच जोडलेला राहतो. प्रस्तुत संचात तो नाही, आणि इमर्जन्सी स्टॉपसाठी ही उणीव मला गंभीर वाटते.

कॉलरचा खटका एका हाताने लागतो, ही मात्र मोठी सोय आहे. खटका पूर्ण आडवा झाला की नाही हे डोळ्यांनी पाहावे आणि ब्लॉक एकदा ओढून बघावा. ‘टक्’ आवाजावर विसंबू नये, कारण अर्धवट बसलेला ब्लॉकही तो आवाज करतो. थरथरणाऱ्या यंत्रावर स्क्रूने आवळायची कॉलरच बरी.

टर्मिनल बोट लागणार नाही इतके झाकलेले आहेत. बारीक तारांच्या लवचिक वायरला फेरूल (टोकावर दाबून बसवायची धातूची नळी) लावल्यावर पकड चांगली बसते. दारावरची हार्नेस (वायरींची जुडी) उघडझाप सोसेल इतकी सैल ठेवून दोन्ही टोकांना बांधावी, नाहीतर ओढ थेट टर्मिनलवर येते. बटणे प्लॅस्टिकची असल्याने त्यांना वेगळे अर्थिंग लागत नाही, पण पत्र्याच्या दाराला हवेच. रंगवलेल्या बिजागरीच्या भरवशावर न राहता ब्रेडेड तारेने दार बॉडीला जोडावे.

स्टार्ट, स्टॉप आणि सिलेक्टरसाठी हा संच निःशंक घ्यावा. इमर्जन्सी स्टॉपचे डोके हेच चालेल, पण मागचा ब्लॉक बैठक तपासणारा आणि त्याच मालिकेतला मागवावा. एकाचे डोके आणि दुसऱ्याचा ब्लॉक अशी जोडी वरवर बसली, तरी दांड्याची लांबी जुळेलच असे नाही.