लाल वालुकाश्माचे डोंगर बघायचे तर सेडोना की मॉन्युमेंट व्हॅली?

ग्रँड कॅन्यन झालं, ॲरिझोनात अजून एक-दोन दिवस हाताशी आहेत, आणि आता ब्यूट बघायचे आहेत, म्हणजे सपाट माथ्याचे, चहूबाजूंनी तुटलेले एकटे डोंगर. मग जायचं कुठे?

सेडोना सोयीचं. फिनिक्सहून गाडीने दोन तास. बेल रॉक आणि कोर्टहाउस ब्यूट रस्त्यालगतच. मुलंसुद्धा बेल रॉकच्या उतारावर थोडं चढून खडकाला हात लावून येतात. कॅथीड्रल रॉकची वाट छोटी, पण मध्ये हातापायांनी चढावं लागतं. नॅशनल पार्कचा वार्षिक पास तिथल्या पार्किंगला चालतो. जागा मिळण्याची मात्र मारामार. शिवाय ओक क्रीक हा ओढा, झाडी, दुकानं. वाळवंटाचा एकांत तिथे शोधू नये.

तो मॉन्युमेंट व्हॅलीत आहे. फिनिक्सहून पाचेक तास लागतात. ॲरिझोना-युटा सीमेवरचा हा नवाहो या मूळ अमेरिकी जमातीचा मुलूख. पार्क त्यांनीच १९५८ मध्ये सुरू केलं. त्यामुळे तो वार्षिक पास इथे चालत नाही, प्रवेशाचे पैसे वेगळे. दारू आणि ड्रोनला बंदी. आतला १७ मैलांचा रस्ता कच्चा, खडबडीत.

तरी माझं मत मॉन्युमेंट व्हॅलीलाच. खूण म्हणून डोंगर दिसायला भोवती मोकळं रान लागतं, आणि इथे ते क्षितिजापर्यंत आहे. ब्यूट घडतो कसा, तेही उघड दिसतं. माथ्यावर कठीण थर, मध्ये वालुकाश्माचा सरळ कडा, तळाशी शेलचा, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या मऊ खडकाचा, पायऱ्यापायऱ्यांचा उतार. शेल झिजला की वरच्या कड्याचा आधार जातो, उभ्या भेगांतून खडक सुटतो आणि कडा पुन्हा ताशीव होतो. वेस्ट मिटन या ब्यूटला वळसा घालणाऱ्या वाइल्डकॅट ट्रेलवर सुटून पडलेल्या शिळा जवळून बघता येतात. ही वाट गाइडशिवाय चालता येते. आतल्या बऱ्याच भागात मात्र नवाहो गाइड लागतोच.

पण मुक्काम करणार असाल तरच जा. दुपारच्या उन्हात तासभर फोटो काढून परतायचं असेल, तर एवढं ड्रायव्हिंग करू नका, सेडोनाच बरं. गुडघे दुखणारे आई-बाबा सोबत असतील तर कच्च्या रस्त्यासाठी गाइडची जीप घ्या. उन्हाळ्यात नवाहो भागाचं घड्याळ उरलेल्या ॲरिझोनाच्या तासभर पुढे असतं, तेव्हा बुकिंगची वेळ नीट तपासा. पेट्रोल वाटेतल्या केयेंटा गावातच भरून घ्या.