लिनक्स मिंट एक्सएफसीई : टंकलेखन-छपाईच्या दुकानातील काही महिन्यांच्या वापरानंतर

सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी आमचे टंकलेखन, झेरॉक्स आणि लहानसहान छपाईचे दुकान आहे. ग्रामपंचायतीच्या नोटिसा, सोसायट्यांचे अहवाल, लग्नपत्रिका, दशावताराची पत्रके आणि हंगामात आंब्याच्या पेट्यांवरची लेबले असे कामाचे स्वरूप. तिन्ही संगणक तिसऱ्या पिढीच्या आय-३ प्रोसेसरचे आहेत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार हे बरेच आधी जाहीर झाले होते, आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप किंवा आठव्या पिढीपासूनचे इंटेल प्रोसेसर आमच्याकडे नव्हते. तेवढ्यासाठी चालती यंत्रे भंगारात घालणे मनाला पटेना, म्हणून २०२५ च्या पावसाळ्यापूर्वी दोन यंत्रांवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत संगणकप्रणाली (आवृत्ती २२.१) बसवली. तिसऱ्यावर विंडोज तसेच ठेवले. त्याचे कारण पुढे येईल.

मिंटची सुरुवात २००६ साली क्लेमां लफेव्र यांनी केली. त्याची मुख्य आवृत्ती उबंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या दीर्घकालीन आवृत्तीवर उभी असते. सध्याची २२ ही मालिका उबंटू २४.०४ वर आधारलेली असून तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. सिनामन, माटे आणि एक्सएफसीई या मिंटच्या तीन डेस्कटॉप रूपांपैकी एक्सएफसीई सर्वांत हलके, आणि आमच्या यंत्रांत ४ जीबी रॅम असल्याने निवडीचा प्रश्न फारसा उरला नाही. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी घातली. वेगाविषयी एवढेच सांगतो, की ब्राउझरमध्ये डझनभर पाने उघडी ठेवली तर यंत्र आजही धापा टाकते, एरवी तक्रार नाही.

कोकणात संगणक वापरणाऱ्याला पहिला प्रश्न विजेचा. जून लागला की कुठे ना कुठे फांदी तारेवर पडते, वीज जाते आणि इन्व्हर्टरची बॅटरी जुनी असली की यंत्र हातातले काम टाकून बंद पडते. मिंट डिस्कवर एक्स्ट-४ ही फाइल पद्धत वापरते. तीत बदल करण्यापूर्वी त्यांची नोंद ठेवली जाते. वीज आल्यावर यंत्र ती नोंद पाहून अर्धवट राहिलेले बदल मार्गी लावते आणि काही सेकंदांत सुरू होते. संपूर्ण पावसाळ्यात एकदाही फाइल पद्धत हाताने दुरुस्त करावी लागली नाही. मात्र उघड्या दस्तऐवजाचे रक्षण ही नोंद करीत नाही. त्यासाठी लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये पुनर्प्राप्तीची माहिती जतन करण्याचा मूळचा दहा मिनिटांचा अवधी दोन मिनिटांवर आणला, आणि हा बदल पहिल्याच दिवशी करावा असे मी आग्रहाने सांगेन.

अपडेटच्या बाबतीत मिंटचा स्वभाव मला फार मानवला. अपडेट मॅनेजर काय आले आहे ते दाखवतो आणि थांबतो. गिऱ्हाईक समोर उभे असताना यंत्र स्वतःहून रीस्टार्ट होत नाही. आमच्याकडे फायबर आहे, पण वादळवाऱ्यात तो तुटला की मोबाइलच्या डेटावर दिवस काढावे लागतात, तेव्हा नको असलेले डाउनलोड पुढे ढकलता येणे ही मोठीच सोय ठरते. अपडेटपूर्वी टाइमशिफ्टने संपूर्ण प्रणालीची प्रत काढून ठेवता येते. पहिली प्रत बरीच जागा खाते, पुढच्या प्रतींत बदललेल्या फाइलींचीच भर पडते. मिंट किमान २० जीबी डिस्क पुरेल असे म्हणत असले तरी त्यांचीच १०० जीबीची शिफारस ऐकलेली बरी.

मराठी छपाईच्या धंद्यात खरी धास्ती असते ती जुन्या फाइलींची. आमच्याकडे पेजमेकर आणि कोरल ड्रॉ या पानमांडणीच्या व चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमधले कित्येक वर्षांचे काम साठलेले आहे, तेही युनिकोडपूर्व (म्हणजे लिप्यांतल्या अक्षरांना सर्वमान्य क्रमांक देणारी युनिकोड पद्धत रूढ होण्याआधीच्या) फॉण्टांत. अशा फॉण्टांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेले असतात. फॉण्ट नसला तर नोटिशीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. फॉण्टची टीटीएफ फाइल जवळ असल्यास ती मिंटवर बसवता येते, आणि मग मजकूर दिसतो, छापताही येतो. लिब्रेऑफिस ड्रॉ २०१५ सालच्या ४.४ आवृत्तीपासून पेजमेकरच्या फाइली उघडते, कोरलच्याही उघडते. चौकटी इकडेतिकडे सरकतात, पण मजकूर काढून घेण्यापुरते काम भागते. अडते ते दुरुस्तीपाशी. त्या फॉण्टांत टाइप करण्याची सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेली, त्यांतल्या काहींना यूएसबी डोंगल लागते, आणि आमच्याकडची मिंटवर चालली नाहीत. म्हणजे गेल्या वर्षीचे जत्रेचे पत्रक तसेच्या तसे छापता येते, पण यंदा नाटक दुसऱ्या मंडळाचे असेल तर नाव बदलता येत नाही.

म्हणून वरचेवर लागणारे मजकूर युनिकोडमध्ये आणले. रूपांतराची साधने ब्राउझरमध्ये चालतात, त्यामुळे कोणती प्रणाली आहे याने फरक पडत नाही. पण त्यांच्या भरवशावर काही छापायला देऊ नये. जुन्या फॉण्टांत अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणजे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार व्यंजनाच्या नंतर. युनिकोडमध्ये हा क्रम उलटा असतो. ‘कार्तिक’ या शब्दात एकाच ‘त’ वर दोन्ही येतात, आणि तिथे साधन गोंधळून रफार पुढच्या ‘क’ वर नेऊन ठेवते. आमच्या भागातल्या जत्रांचा हंगाम कार्तिकातच सुरू होतो, त्यामुळे नेमका हाच शब्द पत्रकापत्रकावर तपासावा लागला.

नव्या कामासाठी पत्रके आणि लेबले इंकस्केप या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये, अहवाल लिब्रेऑफिसमध्ये आणि ऑफसेटला पाठवायची पत्रिका स्क्रायबस या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी विभागणी केली आहे. इंकस्केपची पीडीएफ पडद्याच्या आरजीबी रंगांत निघते, आणि छापखान्याला शाईचे सीएमवायके रंग लागतात. ती सोय स्क्रायबसमध्ये आहे. २०२४ च्या जानेवारीत आलेल्या स्क्रायबस १.६ मध्ये देवनागरी जोडाक्षरे नीट जुळतात. तरीही कोरलवर हात बसलेल्या माणसाला स्क्रायबस शिकवणे जिकिरीचे आहे, आणि आमच्या कारागिराने पहिला महिनाभर त्याविषयी मौनव्रत धरले होते.

टायपिंगला इनस्क्रिप्ट हा कळफलक येणाऱ्यांना काहीच नवे शिकावे लागत नाही. ‘सुऱ्या’ लिहिताना शिफ्ट आणि जे दाबून ऱ, मग डी ने हलन्त आणि पुढे य, हे सारे विंडोजप्रमाणेच. लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी नेमून दिली की ज्या फॉण्टांत सोय आहे त्यांत ल आणि श मराठी वळणाचे उमटतात. ग्राहकाला कारण कळत नाही, पण नोटीस ‘आपली’ वाटते. जुन्या टंकयंत्राच्या रेमिंग्टन कळफलकाची सवय असलेल्यांना आयबस आणि एम१७एन या लेखनपद्धती पुरवणाऱ्या साधनांच्या जोडीने हिंदीच्या यादीतली रेमिंग्टन पद्धत घ्यावी लागते, ती काम चालवण्यापुरती आहे.

या काळात मिंटविषयीच्या बातम्या आणि त्यांवरची चर्चा मी नियमित वाचू लागलो, कारण त्यांतल्या काहींचा दुकानाशी थेट संबंध येतो. प्रकल्प देणग्या आणि प्रायोजक यांवर चालतो, महिन्याचा जमाखर्च आणि पुढचे बेत उघडपणे मांडले जातात, आणि वादही उघड्यावर होतात. २०२० साली मिंट २० आले तेव्हा सॉफ्टवेअर बसवण्याची उबंटूची स्नॅप पद्धत मूळ स्वरूपात बंद ठेवण्याचा निर्णय त्यांनी कारणांसह जाहीर केला. उद्या उबंटूचा आधार राहिला नाही तर काय, या प्रश्नाला उत्तर म्हणून उबंटूचाही पाया असलेल्या डेबियन प्रणालीवर थेट उभी असलेली एलएमडीई ही वेगळी आवृत्ती सांभाळली जाते. तिची सातवी आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये डेबियन १३ वर आली. फेब्रुवारी २०१६ मध्ये संकेतस्थळात घुसखोरी होऊन १७.३ सिनामनच्या डाउनलोडची जागा दूषित फाइलीने घेतली होती, आणि ही नामुष्कीची गोष्टही त्यांनी स्वतःच सांगितली. ती वाचल्यापासून पेनड्राइव्ह बनवण्याआधी डाउनलोड केलेल्या आयएसओ फाइलीची एसएचए-२५६ बेरीज, म्हणजे फाइल अस्सल असल्याची खूण, पडताळल्याशिवाय मी पुढे जात नाही.

सध्या चर्चा आहे ती पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या एक्स ११ व्यवस्थेकडून नव्या वेलँडकडे जाण्याची. सिनामनमधले वेलँड २०२४ च्या जानेवारीत २१.३ सोबत प्रायोगिक म्हणून आले. इंग्रजी टाइप करणाऱ्याला हा पडद्यामागचा बदल वाटेल, पण आमचे पोट आयबसवर आहे, आणि वेलँडमध्ये मराठी लेखनपद्धती कशा चालतात ते नीट पाहिल्याशिवाय आम्ही हलणार नाही. मिंट या बाबतीत सावकाश चालते याची काहींना चीड येते. मला तो गुण वाटतो. सप्टेंबर २०२५ मध्ये २२.२ आले, ते अपडेट मॅनेजरमधूनच चढवले आणि दुपारच्या आत दोन्ही यंत्रे कामाला लागली.

आता तिसरे यंत्र. आमचा जुना लेझर प्रिंटर स्वतःची खासगी भाषा बोलणारा आहे. त्याच्या कंपनीने दिलेले लिनक्सचे ड्रायव्हर जुने असून कधी चालतात, कधी कागद अर्ध्यावर सोडतात. आमच्याच दुकानातला नवा प्रिंटर मात्र ड्रायव्हर न घालताच ओळखला गेला. शिवाय डिजिटल सहीचे टोकन आणि अंगठ्याचे यंत्र यांसाठी ग्राहक रांग लावतात, आणि तिथे प्रयोगाला वाव नाही. ही कामे विंडोजच्या यंत्रावर होतात, आणि आता सपोर्ट संपल्यामुळे त्यावर दुसरे काही उघडायचे नाही असा नियम केला आहे. त्याच्या जागी नवे यंत्र घ्यावे लागेलच.

ज्यांचे काम ब्राउझर, पत्रव्यवहार आणि युनिकोड मजकूर एवढ्यात आटोपते, त्यांनी मिंट बिनदिक्कत घ्यावे. आमच्यासारखा धंदा असल्यास बसवण्यापूर्वी पेनड्राइव्हवरूनच मिंट सुरू करून आपला प्रिंटर, स्कॅनर आणि सर्वांत जुनी पेजमेकरची फाइल अशा तीन गोष्टी त्यावर चालवून पाहाव्यात; त्यासाठी डिस्कवरच्या कशालाही हात लावावा लागत नाही आणि अर्ध्या तासात उत्तर मिळते.