‘ओव्हा-वन’ रक्तचाचणी: कामाची, पण नेमक्याच कामाची

अंडाशयात गाठ आढळून शस्त्रक्रिया ठरलेल्या स्त्रीला कर्करोगतज्ज्ञ शल्यविशारदाकडे पाठवावे का, एवढा एकच प्रश्न सोडवण्यास मदत व्हावी म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये या चाचणीला मान्यता दिली. सीए-१२५, ट्रान्सथायरेटिन, अपोलिपोप्रोटीन ए-१, ट्रान्सफेरिन आणि बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन या पाच प्रथिनांवरून ती ० ते १० मधला एक आकडा देते, रजोनिवृत्तीपूर्वी ५.० आणि नंतर ४.४ ही धोक्याची रेषा; आकडा तिथे किंवा त्यावर गेला तर कर्करोगाची शक्यता जास्त. यांतील काही खुणांचा माग मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणू त्यांच्या वस्तुमानावरून ओळखण्याच्या तंत्राने) लागला, प्रत्यक्ष मोजणी मात्र प्रतिपिंडांच्या नेहमीच्या तंत्राने होते, आणि रोजच्या प्रयोगशाळेसाठी तेच सोयीचे.

कर्करोग सहसा निसटत नाही, हे तिचे खरे बळ. खोट्या धोक्याचे इशारे मात्र बरेच मिळतात, आणि त्यात नवल नाही: ट्रान्सथायरेटिन व ट्रान्सफेरिन मुख्यतः यकृतात बनतात, त्यामुळे कर्करोगाप्रमाणेच कुपोषणात किंवा साध्या दाहातही त्यांची पातळी घसरते. २०१६ मध्ये मान्यता मिळालेल्या ‘ओव्हेरा’ या सुधारित आवृत्तीत ट्रान्सथायरेटिन व बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन वगळून एचई-४ हे प्रथिन आणि एफएसएच हे संप्रेरक घेतले, हा बदल मला पटतो. निरोगी स्त्रीने खबरदारी म्हणून मात्र यांपैकी कोणतीही चाचणी करून घेऊ नये.