पळणाऱ्या घड्याळामागे कित्येक महिने

१२ मे रोजी पहाटे पावणेपाच वाजता माझ्या चाकांवर पळणाऱ्या घड्याळाने अर्धाच गजर दिला, ते स्टुलावर चार बोटे पुढे सरकले आणि मोटर जोर धरू लागताच पडद्यावरचे आकडे पुसले जाऊन तेथे १२:०० लुकलुकू लागले. गजर थांबला, मी कूस बदलली, आणि जागा झालो तेव्हा कंपनीची बस आकुर्डीहून केव्हाच निघून गेली होती. चाकणपर्यंतच्या रिक्षाचे ४२० रुपये झाले. दिवाळीच्या सवलतीत हे घड्याळ मला १,४९९ रुपयांना पडले होते, त्यामुळे त्याची खरी किंमत मी आता १,९१९ रुपये धरतो आणि पुढचे सारे बरेवाईट मत त्याच आकड्यावर बेतलेले आहे.

दोन चाके, मध्ये घड्याळ, गजर होताच उडी आणि मग खोलीभर पळापळ, हे वर्णन विकत घेणाऱ्या प्रत्येकाने वाचलेलेच असते. मूळ कल्पना गौरी नंदा यांची. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेच्या मीडिया लॅबमध्ये शिकत असताना त्यांनी क्लॉकी नावाचे पळून जाणारे घड्याळ तयार केले आणि त्याला २००५ साली अर्थशास्त्राचे इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामाला मिळणारे गमतीचे पारितोषिक, मिळाले, कारण माणसे खरोखरच अंथरुणाबाहेर पडली तर कामाचे तास वाढतील, निदान कागदावर तरी. माझ्याकडे असलेले घड्याळ ते नव्हे; त्याच कल्पनेवरून कोणीतरी स्वस्तात बनवलेली आवृत्ती आहे.

माझी गरज साधी होती. आमच्याकडे दर आठवड्याला पाळी बदलते. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मी रात्री एक वाजता झोपतो आणि लगेच पुढच्या सोमवारी मला पावणेपाचला उठायचे असते. शरीराचे तापमान नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी सुमारे दोन तास सर्वांत खाली गेलेले असते, आणि त्या सुमारास कोणी उठवले की जाग आल्यानंतरही बराच वेळ मेंदू धड चालत नाही. निद्रातज्ज्ञ याला स्लीप इनर्शिया म्हणतात, आमची ही ‘भुतासारखे बसणे’ म्हणते. या अवस्थेत माणूस हात लांब करून गजर बंद करतो आणि तो बंद केल्याचे त्याला आठवतही नाही. गणिते सोडवल्याखेरीज न थांबणारे मोबाइलचे ॲप मी आधी चार महिने वापरले. त्याने माझे पाढे सुधारले, पण ते मी उशीवरून मान न उचलता सोडवू लागलो. पहाटेसारखा हळूहळू उजेड वाढवणारा दिवा पाहिला, परंतु त्या उजेडाने माझ्याबरोबर सारे घरच उठले असते, आणि किंमत पाहून मी तो तेथेच ठेवला.

पहिल्या महिन्यात घड्याळाने मला जिंकले, हे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. त्याचा आवाज फारसा मोठा नाही, पण ते दिवाणाखाली शिरते आणि तेथे वाजत राहते. त्याला बाहेर काढण्यासाठी थंड फरशीवर गुडघे टेकून, वाकून, हात आत घालावा लागतो, आणि एवढे होईपर्यंत परत झोपण्याची इच्छा मावळलेली असते. जागे करते ते हे वाकणे. आवाज केवळ निमित्त. खालच्या मजल्यावरच्या काकांनी तिसऱ्याच दिवशी ‘पहाटे काय पडतं हो तुमच्याकडे?’ असे विचारले, तेव्हापासून टेबलाच्या पायथ्याशी गोधडीची चौपदरी घडी असते.

जानेवारीत मी घड्याळाला चकवू लागलो. गजर सुरू झाल्यापासून ते काठावर पोहोचेपर्यंत सुमारे दोन सेकंद मिळतात, आणि तेवढ्यात डोळे मिटूनही हात अचूक पडू लागला. उपाय म्हणून त्याला उशालगतच्या टेबलावरून उचलून पायांकडच्या स्टुलावर हलवले. या जागाबदलाने घड्याळ पुन्हा कामाचे झाले, तेव्हा ज्यांना ‘महिन्याभरात सवय होते’ अशी तक्रार आहे त्यांनी आधी स्टूल बदलून पाहावे.

आता स्क्रूविषयी. सेलच्या झाकणाला तांदळाच्या दाण्याएवढा एक स्टार स्क्रू आहे. लहान मुलांनी सेल काढून तोंडात घालू नयेत म्हणून खेळण्यांना असा स्क्रू देतात, हे मला मान्य आहे. मात्र हे घड्याळ आहे, आणि त्याला दर पाच आठवड्यांनी चार बारीक पेन्सिल सेल लागतात. नेहमीचा पेचकस या स्क्रूत बसत नाही. चष्मे दुरुस्त करणाऱ्याकडून तसला पेचकस मी ६० रुपयांना आणला (एकूण १,९७९). सेल काढताच घड्याळ सारे विसरते, कारण तेवढा वेळ स्मरण टिकवण्यासाठी आत साधा बटण-सेलही दिलेला नाही. मग वेळ नव्याने लावायची, आणि मिनिटे फक्त पुढेच जातात. बोट एक क्षण जास्त दाबले गेले तर पुन्हा एकोणसाठ मिनिटांची प्रदक्षिणा. ज्याने हे झाकण आखले त्याने रात्री साडेदहाला, दुसऱ्या दिवशी पहिली पाळी असताना, बायकोच्या पोळपाटावर घड्याळ उताणे ठेवून तो स्क्रू एकदा तरी शोधावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मार्चमध्ये डावे चाक फिरेना. घड्याळ एकाच चाकावर जागच्या जागी गरगरू लागले, म्हणजे पळणे संपले. वॉरंटी एक वर्षाची असल्याने मी ते दुरुस्ती केंद्रात नेले. तेथील तरुणाने कडेचे ओरखडे पाहून सांगितले, ‘‘सर, हे पडलेलं आहे. पडल्याचं नुकसान वॉरंटीत येत नाही.’’ मी त्याला खोक्यावरचे चित्र दाखवले. त्यात घड्याळ टेबलावरून उडी घेत आहे आणि खाली तीन फुटांचा आकडा छापलेला आहे. त्याने चित्र नीट पाहिले, आत जाऊन कोणाला तरी विचारून आला आणि म्हणाला, ‘‘ते बरोबर आहे सर, पण आमच्या यादीत नाही.’’ मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवली आणि घड्याळ घरी आणले.

त्या रात्री साठ रुपयांच्या पेचकसाने चाकही उघडले. आसाभोवती केस गुंडाळलेले होते, घरातल्या दोघींचे लांब केस, त्यात गोधडीचा लाल दोरा आणि थोडी कणीक. ते इतके घट्ट बसले होते की दाभणाने एकेक फेरा उचलून ब्लेडने कापावा लागला. वीस मिनिटांत चाक मोकळे झाले. कंपनीविषयीचा माझा राग या शोधाने थोडा उतरला, कारण दोष पडण्याचा नव्हताच. पण तो उतरतो न उतरतो तोच तीन आठवड्यांनी कंपनीने कुरिअरने नवे चाक पाठवले. घड्याळ करडे आहे आणि चाक गुलाबी.

१२ मेच्या प्रकाराचे मूळ मात्र माझ्या काटकसरीत निघाले. मी साधे झिंक-कार्बन सेल वापरत होतो, कारण ४८ रुपयांत चार मिळतात. अशा सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे विजेला सेलच्या आतच होणारा अडथळा, जास्त असतो. मोटरने एकदम प्रवाह ओढला की व्होल्टेज कोसळते, आणि ज्या विजेवर मोटर चालते तिच्यावरच घड्याळाची चिप असल्याने चिप नव्याने सुरू होते. नवे सेल हा ताण सोसतात, पाचव्या आठवड्यातले सोसत नाहीत. मुलाच्या जुन्या खेळण्यातले निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल घालून पाहिले. त्यांच्यावर १.२ व्होल्टच लिहिलेले असते, म्हणून ते कमी पडतील असे मला वाटत होते. परंतु मोटरचा भार आला तरी ते जवळपास तेवढ्यावरच टिकून राहतात. तेव्हापासून एकदाही १२:०० दिसलेले नाही. मे महिन्यात याच घड्याळाला मी पाचपैकी एकच तारा दिला होता. आज तीन देतो, आणि रिक्षाचे ४२० रुपये अर्धे त्याच्या व अर्धे माझ्या नावावर मांडतो.

अर्थात हे सेल दर तीन आठवड्यांनी चार्ज करावे लागतात, म्हणजे झाकण पूर्वीपेक्षा जास्त वेळा उघडणे आले. गेल्या महिन्यात चौथ्यांदा उघडताना तो स्क्रू पोळपाटावरून ओट्याच्या फटीत गेला, तो गेलाच. आता झाकणावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन बोटे रुंद पट्टा चढवलेला आहे. स्टुलावरून रोज उडी घेऊनही झाकण हललेले नाही, आणि सेल बदलायला अर्धा मिनिटही लागत नाही.